वाहक म्हणजे कंडक्टर नव्हे

ब्रह्मपुरी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रफुल,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच खिशात कोंबशील, हे मी धरून चालले आहे. म्हणून लटारूभाऊंना बजावलंय की त्याच्यासमोर उभे राहा आणि पत्र फोडल्याशिवाय हलू नका. ते ब्रह्मपुरी-अहेरी गाडीचे कंडक्टर, तू अहेरी-सिरोंचा गाडीचा. आपल्याच खात्यातल्या माणसाला तू हाकलणार नाहीस. तुझ्या साक्षगंधानंतर तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला तीन वर्षं झाली. एस.टी. ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आधी अभिनंदन. आई काल अहेरीहून परतली ती गालातल्या गालात हसतच. मयुरीला तिसरा महिना लागला म्हणाली. मी आत्या होणार हे मला खरं तर तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, पण ते भांडण नंतर. आज दुसरंच काम आहे आणि त्याला उशीर चालणार नाही.

आई लाखोरीची भाजी खुडत तुझं कौतुक सांगत होती. घर कसं नीटनेटकं ठेवलंय, मयुरी सेतू केंद्रातून येऊन कशी स्वयंपाक करते, वगैरे. मग म्हणाली, "डेपोत तपासणी झाली होती नं, त्याचं कार्ड बी दाखवलं त्यानं मले. सरकारनं त्याची पोस्ट छापली हाय त्याच्यावर. वाहक. अन् इसरू डायवरच्या कार्डावर नुसतं सामान्य लिहिलं. डेपोतल्या पोट्ट्याईनं लय चिडवलं म्हणे त्याले."

मी आधी पोट धरून हसले. आईला कळेना मी का हसते. मग मी हातातली भाजी खाली ठेवली.

प्रफुल, वाहक म्हणजे कंडक्टर नव्हे. निदान त्या कार्डावर तरी नाही. ते सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड आहे. ज्याच्या रक्तात सिकलचा अर्धा वाटा असतो, त्या माणसाला तिथे वाहक म्हणतात. इसरूभाऊ सामान्य आहेत याचा अर्थ त्यांच्यात तो वाटा नाही. डेपोत कोणाला चिडवायचंच होतं, तर तुला चिडवायला हवं होतं.

यात तुझी चूक काढत नाही. कॅम्प डेपोत, रांगेत सगळे चालक आणि वाहक, तुझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर वाहक, मग कार्डावर तोच शब्द बघून कोणाच्या मनात दुसरं येईल? कोणी समजावून सांगत असतीलही, तेवढ्यात तुझी गाडी लागली असेल.

आता नीट ऐक. आई-बाबा दोघंही वाहक. मला दोघांचा वाटा आला, म्हणून मी पूर्ण सिकल. तुला एकाचाच आला, म्हणून तू धडधाकट. मयुरी सामान्य असेल तर चिंता नाही, बाळ फार तर तुझ्यासारखं निघेल. पण तीही वाहक असेल तर चारात एक शक्यता आहे की बाळ माझ्यासारखं होईल. हे बाळ पोटात असतानाच कळतं. नागपूरला तपासणी होते, पण ती वेळेतच करावी लागते, आणि ती वेळ आत्ताची आहे.

साक्षगंधाच्या दिवशी मी हेच विचारलं होतं. मुलीची तपासणी झाली का, एवढंच. तुझे सासरे गुणवंतराव उठून उभे राहिले. "आमची पोरगी बाजारातली बकरी हाय का, दात पाहून घ्याले?" आणि तू मला म्हणालास, "तू आजारी म्हणून साऱ्याईले आजारी समजतं. माही तपासणी झाली, कार्ड हाय माह्याजोळ, मले काईच नाई." मी गप्प बसले ती त्या वाक्यामुळे. तुला काही नसेल तर मुलीचं काहीही निघो, बिघडत नव्हतं. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तरीही लग्नाला बोलावलं नाहीस ते नाहीसच.

मयुरीच्या दंडातून थोडंसं रक्त काढायचं. सरकारी दवाखान्यात फुकट होतं. तेवढं कर आणि मग पुन्हा तीन वर्षं माझ्याशी बोलू नकोस, माझी हरकत नाही.

तुझी ताई,
नंदिनी


ब्रह्मपुरी
२६ नोव्हेंबर

प्रफुल,

लटारूभाऊंनी तुझा निरोप शब्दाला शब्द पोचवला. "थो म्हणे, ताईले सांगा, मास्तरकी शाळेत कर म्हणा. मी डबल ड्युटी मारतो, मले सर्दी बी होत नाई. मले सिकल राह्यतं का?" आणि मग त्यांनी स्वतःची भर घातली, "पण वाचलं गा बाई त्यानं. दोन दोनदा वाचलं."

दोनदा वाचलंस तर मग हेही वाच. वाहकाला सिकलमुळे ना दुखणं येतं, ना ताप, काहीच होत नाही. म्हणून तर तो बिनधास्त असतो. तू ठणठणीत आहेस याबद्दल माझी तक्रार नाहीच. प्रश्न तुझ्या तब्येतीचा नाही, मयुरीच्या पोटातल्या जिवाचा आहे.

मास्तरकी शाळेत करतेच आहे. परवा अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. कोलूच्या चिकन सेंटरमधून बाटलीत रक्त आणलं, काचपट्टीवर पसरलं, रंगवलं, आणि मुलांना एकेक करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. कोंबडीच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि प्रत्येकीच्या पोटात एक गडद ठिपका असतो, त्याला केंद्रक म्हणतात. माशाच्या, बेडकाच्या, सापाच्या पेशीतही तो असतो. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र हाडातून बाहेर पडताना तो टाकून देतात. माणूस, बैल, वाघ, सगळ्यांच्या. आत जागा मोकळी होते आणि तेवढा प्राणवायू जास्त वाहून नेता येतो. उंटाच्या पेशी लांबट असतात, पण ठिपका त्याच्याही पेशीत नसतो. गांडुळाचं रक्त लाल असतं, पण त्यात तांबड्या पेशीच नाहीत, लाली नुसती पाण्यात विरघळलेली. झुरळाच्या रक्ताला तर लालीही नाही.

तर पिंकी नावाची एक आगाऊ पोरगी आहे, तिने विचारलं, "मॅडम, मंग गांडुळाले सिकल होते का?" मी म्हटलं, पेशीच नाही तर वाकेल काय? वर्ग हसला. मग मी माझं बोट टोचलं, थेंब काचपट्टीवर घेतला, वरची काच कडेने बंद केली आणि तासाभराने त्यांना दाखवला. हवा तुटल्यावर माझ्या पेशी कशा वाकतात, धान कापायच्या विळ्यासारख्या, ते त्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही. पिंकी म्हणाली, "दुखते का मॅडम?" मी म्हटलं, कधीकधी. आणि पुढचा धडा काढला.

हे तुला का सांगते? कारण तुला अजून वाटतं की मी साक्षगंधात आपल्या घरातलं झाकलेलं उघडं केलं. मी कधीच काही झाकलेलं नाही. चाळीस पोरांना माझं रक्त दाखवते, गुणवंतरावांना एक प्रश्न विचारला तर काय बिघडलं?

मी अगदी छान आहे. मयुरीला दवाखान्यात कधी नेतोस ते लटारूभाऊंजवळ सांग.

ताई


ब्रह्मपुरी
४ डिसेंबर

प्रफुल,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. मी चंद्रपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आले आहे आणि इथली टेबलं फारच बुटकी आहेत. वर ब्रह्मपुरी सवयीने लिहिलं गेलं. उजव्या हाताला जरासं लागलंय, म्हणून डाव्याने लिहिते आहे.

प्रशिक्षण बरं चाललंय. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी खिचडी. थंडी वाढली आहे. शेजारच्या बाई सिंदेवाहीच्या आहेत, त्यांची सून त्यांना भेटायला रोज डबा घेऊन येते आणि मला

सिस्टर आल्या, थांबते.

म्हणजे प्रशिक्षणातल्याच एक बाई. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.

मुद्द्याचं बोलते. तू अजून मयुरीला नेलेलं नाहीस. लटारूभाऊंना तू म्हणालास की सासऱ्यांना विचारून सांगतो. गुणवंतराव चांगले गृहस्थ आहेत, पण बाळ त्यांना होणार नाही. बाळ मयुरीला होणार आहे. तिला विचारलंस का? तिने माझं पहिलं पत्र वाचलं का? नसेल तर आज तिच्या हातात दे. ती सेतूत बसून दिवसभर लोकांची कागदपत्रं तपासते, तिला तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि एक सांगायचं राहिलं. तू लहान असताना मी आजारी पडले की आई तुला मामाकडे पाठवून द्यायची. परत यायचास तोवर मी अंगणात हिंडत असायचे. त्यामुळे तुझ्या डोक्यात सिकल म्हणजे ताई चार दिवस झोपते आणि मग उठून ओरडते, एवढंच बसलं आहे. ते तसंच राहू दे. पण त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नकोस.

ताई


ब्रह्मपुरी
१० डिसेंबर

प्रफुल,

लटारूभाऊंचं नाव मी आता घेणार नाही. दवाखान्याच्या दारात त्यांच्या हातात पत्र देताना आईने त्यांना शपथ घातली होती, आणि या माणसाने अहेरीला उतरताच तुला सांगितलं, "टरेनिंग गिरेनिंग काई नाई, बहीण भरती हाय तुही, रगत चढवून राह्यले." वर मला म्हणतात, पत्र पोचवायचं काम माझं, खोटं पोचवायचं नाही.

तू ड्युटीवरून थेट आलास, खाकीतच. मागे मयुरी. मी डोळे उघडले तर तू खाटेच्या पायथ्याशी उभा, हातात संत्र्यांची पिशवी. तीन वर्षांनी तू मला काय म्हणशील याचा मी फार विचार केला होता. तू म्हणालास, "टरेनिंग कसं चालू हाय, मॅडम?"

मला हसू आलं आणि हसले की छातीत दुखत होतं. मग तू खाली स्टुलावर बसलास आणि तुला रडू आलं. तू रडलास हे मी कोणाला सांगणार नाही, पण कागदावर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या भांडणात कामाला येईल.

मी आता घरी आहे. दोन पिशव्या रक्त चढलं. दुसऱ्या कोणाच्या तरी गोल पेशी माझ्या अंगात फिरताहेत, आणि त्या इमानाने काम करताहेत. सोमवारपासून शाळा.

आता निकाल. मयुरीने त्याच दिवशी रक्त दिलं, स्वतःहून बाही वर करून. तू निकाल कागदावर लिहून मागितलास, पुन्हा शब्दाचा घोळ नको म्हणून. तर लिहिते. मयुरी वाहक आहे. तुझ्यासारखीच निरोगी, आणि तुझ्यासारखीच वाहक. नागपूरची तारीख १३ डिसेंबर मिळाली आहे. नारेचा म्हणजे वारेचा छोटा तुकडा घेतात, त्यातून बाळाचं कळतं. मयुरीला एक दिवस विश्रांती लागेल. तुझी रजा टाक.

राहिलं ते मयुरीने विचारलेलं. तू संत्री सोलत होतास, तिने खाली मान घालून विचारलं, "ताई, तुमच्यासारखंच निघालं तं?" आणि मग आणखी हळू, "तुमच्या वेळी अशी तपासणी असती तं?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं हे तुला माहीत आहे. पण आई आधी बोलली. खिडकीपाशी बसून ती माझं स्वेटर उसवत होती, मान वर न करता म्हणाली, "मले इचार नं, माय. पैदा मी केली तिले. तपासणी असती तं केली असती म्या. अन् निघालं असतं तं पुढचं काय, थे मले नाई मालूम. खोटं काऊन बोलू? पयल्या वर्षी ही पोट्टी रातभर ओरडे, तवा मी म्हणो, कायले पाठवलं गा इले. आता म्हणतो, ही नसती तं मी कोनासंग भांडलो असतो."

मला लागलं, प्रफुल. आईने 'निघालं असतं तरी ठेवली असती' म्हणावं असं मला फार वाटत होतं. आयुष्यात कधी नव्हे ते त्या क्षणी मला खोटं ऐकायचं होतं. तिने ते दिलं नाही. रात्री जेवताना तिने माझ्या ताटात तूप जास्त वाढलं आणि मी ते सगळं खाल्लं.

मयुरीला माझा जयभीम सांग. ती शहाणी आहे. तू नशीबवान आहेस.

ताई


ब्रह्मपुरी
३० डिसेंबर

प्रफुल आणि मयुरी,

काल प्रफुलने फोनवर निकाल वाचून दाखवला. अक्षरं इंग्रजी होती, दोन एस, आणि त्याचा अर्थ काय ते त्याने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण सिकल. माझ्यासारखं. मग प्रफुल म्हणाला, "ताई, काय करू?" आणि मी शाळेची घंटा झाली म्हणून फोन ठेवून दिला. काल रविवार होता.

म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज ऐकून तुम्ही ठरवू नये, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की बोलताना मी बढाया मारते आणि लिहिताना मला थोडं खरं बोलता येतं.

आधी दुखण्याचं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पिंकीलाही नाही. हाडांच्या आतून कोणी मुसळ चालवावं तसं असतं. पेशी वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पुढचं सगळं अडून बसतं. लहानपणी मी आईला माझ्या मांडीवर बसायला सांगायचे, म्हणजे वरून दाबलं जाईल. बारावीचा एक पेपर मी उशीला टेकून लिहिला. एकदा धानाच्या पेंढ्या मोजत असताना बांधावरच आडवी झाले, आणि बाबांनी मला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. ते वाटभर माझ्याशी बोलत होते. नोकरी लागल्यापासूनसुद्धा दर हिवाळ्यात एकदोन वेळा मी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला जातेच.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. मी लहान होते तेव्हा आपल्याकडे रोजची गोळी मिळत नव्हती, आता मिळते, आणि त्याने पुष्कळ फरक पडतो. लहानपणापासून लसी, पाणी, थंडीपासून जपणं, हे सगळं आता लोकांना कळतं. मी एम.एस्सी. झाले. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात स्वतःच्या पेशी पाहिल्या त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, उलट हीच ती मंडळी म्हणून ओळख पटली. मला शिकवायला आवडतं. मला भांडायला आवडतं. तलावाच्या पाळीवर बसून मिठातले झिंगे खायला आवडतात. मला जगायला मनापासून आवडतं आणि मी त्यात कोणाची दया घेत नाही.

ही दोन्ही वाचून झाल्यावर मी काय सांगते? काहीच नाही. मयुरी, हे मी टाळत नाहीये. मी सगळ्यांना सगळं सांगणारी बाई आहे, पण हे सांगण्याचा हक्क मला नाही. तुझ्या वडिलांना नाही, आईला नाही, आणि प्रफुलला अर्धाच आहे. डॉक्टरांनी मुदत सांगितली आहे, ती लक्षात ठेवून तुम्ही दोघं बसा.

बाळ ठेवलंत तर कुठला डॉक्टर, कुठली गोळी, थंडीत अंघोळीचं पाणी किती गरम, हे सगळं मला पाठ आहे आणि मी दर सुट्टीत तुमच्या घरी ठाण मांडून बसेन. नाही ठेवलंत तर मी तेव्हाही तुमचीच आहे. हे दुसरं वाक्य मी विचार करून लिहिलं आहे, उगाच चांगुलपणा म्हणून नाही.

ताई


ब्रह्मपुरी
५ फेब्रुवारी २०२५

प्रफुल आणि मयुरी,

जानेवारीत तुम्ही पुन्हा नागपूरला गेलात ते मला आईकडून कळलं. तिने फोन ठेवला आणि "झालं" एवढंच म्हणाली. परतताना तुमची गाडी ब्रह्मपुरीवरूनच गेली, तुम्ही उतरला नाहीत. मी समजून घेतलं, मयुरीला थेट घरी जायचं असेल. पण त्यालाही आता दिवस झाले. मी फोन करते, प्रफुल उचलत नाही. आईच्या फोनवरून केला तर उचलतो आणि "ताई कशी हाय" असं आईला विचारतो. मी शेजारीच बसलेली असते.

प्रफुल, पूर्वी तू रागाने बोलत नव्हतास. तुझा राग मला झेपत होता. आताचं झेपत नाही.

शेवटी मी लटारूभाऊंना खोदून विचारलं. ते म्हणाले, "थो म्हणते, ताईसमोर कोणत्या तोंडानं जाऊ. तिलेच नाई म्हटल्यासारखं झालं नं. अन् सूनबाई बी रडते, म्हणते, ताईनं तपासणी कराले लावली अन् आमी ताईलेच..."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. आईने "झालं" म्हटलं त्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं मी आकृती काढते आहे. खडू हातात होता आणि मनात एकच चाललं होतं, माझ्यासारखं नको म्हणाले. मीच यांना तपासणीला पाठवलं, मीच तारीख मिळवून दिली, आणि हे माझ्यासारखं नको म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं. पिंकी म्हणाली, मॅडम, खडूची धूळ गेली का? मी हो म्हटलं.

तो दिवस वाईट गेला. त्याच्या नंतरचाही. मग मला राग आला, तुमचा नाही, माझा. मी काय म्हणून त्या बाळाच्या जागी जाऊन बसले? माझे आजार माझे, माझ्या आवडीनिवडी माझ्या. त्याला काय आवडलं असतं, ते आईशी भांडलं असतं की गुणवंतरावांच्या मांडीवर गप्प बसलं असतं, कोणाला माहीत. आमच्या दोघांत सारखं होतं ते फक्त रक्त. मी काही नुसतं रक्त नाही. ते बाळ म्हणजे मी नव्हते. तुम्ही त्याच्याबद्दल ठरवलंत, तुमच्या घरात, तुमच्या जिवावर दगड ठेवून. माझ्याबद्दल कोणी काही ठरवलेलं नाही. माझ्याबद्दल ठरवायचं तर मला विचारावं लागतं, आणि मी हो म्हणत नसते.

मयुरी, तू जे केलंस ते पूर्ण विचाराने केलंस. तुझ्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. आईसारखंच. खोटं कशाला बोलू. कोणी तुला एका शब्दाने काही बोललं तर त्याला ब्रह्मपुरीचा पत्ता दे.

मला एक दुःख आहे ते मात्र आहे. मी आत्या झाले होते. थोडे दिवस, पण झाले होते. त्याचं मला रडू येतं आणि ते इथे एकटीने रडायचं नाहीये. आईसमोर रडले तर ती तूप वाढते. मला ते तुमच्या घरी, मयुरीजवळ बसून रडायचं आहे. तुम्हालाही आलं असेल, आणि तुम्ही दोघं एकमेकांपासून लपवत असाल. प्रफुलला तर लपवता येतच नाही.

तेव्हा येत्या रविवारी मी अहेरीला येते आहे. घरी येणार नाही. घरी आले तर प्रफुल आदल्या दिवशीच जास्तीची ड्युटी मागून घेईल, हे मला पक्कं माहीत आहे. मी अहेरी स्टँडवर सिरोंच्याच्या गाडीत बसणार आहे, त्याच्याच गाडीत, पुढून तिसऱ्या बाकावर खिडकीशी. गाडी सुटेल आणि तो तिकिटं देत देत माझ्यापर्यंत येईल. कंडक्टरला प्रवाशाशी बोलल्याशिवाय पुढच्या बाकाकडे सरकता येत नाही.

प्रफुल, तू विचार, कुठे जायचं.

मी सांगेन, तुझ्या घरी.

ताई